एका भिंतीची दोन घरं

वाल्मीक पगारे मुहूर्त मानत नसे. लग्न त्यानं पंचांगात काहीही नसलेल्या एका बुधवारी भर उन्हात लावून घेतलं होतं आणि ह्या घरात पहिलं पाऊल ठेवलं होतं ते मुद्दाम अमावास्येला. कोणी शुभ-अशुभाचं बोलायला लागलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा आणि विचारायचा, "आमच्या एसटीचं टाइमटेबल बघितलंय का कधी? त्यात राहुकाळ नसतो." असा हा माणूस. आणि ह्याच माणसानं नव्या घराच्या पायाभरणीची तारीख डोक्यात अशी काही पक्की करून ठेवली, की तिच्यापुढे त्याला दुसरं काही दिसेनासं झालं. तारीख होती बुद्धपौर्णिमेची. ह्याला मुहूर्त म्हणायचं नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना बजावायचा. त्याच्या बायकोनं, उज्वलानं, एकदा विचारलं होतं की फरक काय. त्यानं तिला अर्धा तास समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाया खणला तर चालेल ना?" ह्यावर तो पेपर उघडून बसला.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे कामगारांची एक जुनी सोसायटी आहे, समता सोसायटी. तिथली घरं जोडीजोडीनं बांधलेली. मधे एक भिंत, तिच्या अलीकडे एक संसार, पलीकडे दुसरा. वाल्मीकच्या भिंतीपलीकडे नवसाबाई राहायची. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. शिलाई मशीन, दोन खोल्या आणि अंगणातला कढीपत्ता, एवढ्यावर बाईचं चाललं होतं. माहेर चांदवडजवळच्या खेड्यात, पण त्या माहेराचं नाव काढलं की तिचा चेहरा आंबायचा. नवरा गेल्यावर महिनाभरातच भाऊ कागद घेऊन आला होता. "आक्का, नुसती सही कर, तलाठ्याकडं द्यायचीय," म्हणाला. सही केली आणि बापाच्या जमिनीतला तिचा हिस्सा गेला. तेव्हापासून तिनं दोन गोष्टी सोडल्या होत्या. भावाच्या दारातलं पाणी आणि कागदावर सही करणं. गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा ती उज्वलाला बोलावून सही करवून घ्यायची.

वाल्मीक मात्र तिचा मानलेला भाऊ होता. भाऊबीजेला त्याला पाटावर बसवून ओवाळल्याशिवाय ती जेवायची नाही, आणि सणावारांना नाकं मुरडणारा वाल्मीकही त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून गुमान पाटावर जाऊन बसायचा.

निवृत्त होण्याआधी तो एसटीच्या डेपोत हेड मेकॅनिक होता. रोज पहाटे गाड्या तपासायच्या आणि फिट किंवा अनफिट असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. ब्रेकमध्ये जरा खोट वाटली की तो गाडी अडवून धरायचा. मग ड्रायव्हर ओरडो, कंडक्टर ओरडो, फलाटावरचे प्रवासी शिव्या देवोत. एकदा त्र्यंबकेश्वरची यात्रा ऐन भरात असताना त्यानं सहा गाड्या रोखल्या होत्या आणि वरच्या साहेबाला सांगितलं होतं, "तुम्ही लेखी द्या, मी सोडतो." साहेबानं लेखी दिलं नाही. गाड्या सुटल्या नाहीत. ही गोष्ट वाल्मीकनं किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही, आणि सोसायटीतल्या लोकांनी ती प्रत्येक वेळी ऐकली, कारण ती खरी होती.

घर पाडून नवीन बांधायचं ठरलं ते फेब्रुवारीत. स्लॅब गळत होता, सळया गंजून सिमेंटचे पोपडे ताटात पडत होते. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा, रोहित, म्हणाला, "बाबा, आता डागडुजी नको." यंदा बुद्धपौर्णिमा एक मेला आली होती. म्हणजे रोहितला सुट्टी, पाहुण्यांना सुट्टी. विहारातल्या भंतेजींनी यायचं कबूल केलं. पत्रिका छापून आल्या. सगळं जुळून आलं होतं, फक्त घर अजून उभं होतं.

आणि पाडकामवाला काही मिळेना. बांधणारे ढिगानं भेटतात, पाडणारा धड माणूस शोधायला गेलं तर नाकी नऊ येतात. त्यात शहरात सिंहस्थाची कामं निघालेली, रस्ते रुंद होत होते, ज्याच्याकडे म्हणून मशीन होतं तो तिकडे गुंतलेला. रोहितनं मोबाइलवरून पाच-सहा नंबर पाठवले. एकानं फोन उचलला नाही. एकानं घर न बघताच सांगितलं, "सकाळी जेसीबी लावतो, संध्याकाळी क्रिकेट खेळा." तिसरा बघायला आला तो सरळ दारं-खिडक्या चाचपत फिरला. हे लोक निघालेलं लाकूड, लोखंड घेऊन जातात, त्यावर त्यांचा डोळा. भिंतीकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. वाल्मीकनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

चौथी आली ती तेजल. वय असेल तिशीचं. स्थापत्यशास्त्राची पदवी, महापालिकेकडे नोंद, कामगारांचा विमा, सगळ्याची फाइल तिनं न मागता टेबलावर ठेवली. मग शिडी मागितली. वर गेली, स्लॅबवर हातोडीनं टकटक करत कोपऱ्याकोपऱ्यात थांबली. खाली येऊन नवसाबाईच्या घरातही गेली, तिथलं छत पाहिलं, भिंतीवर कान ठेवला. दीड तास लागला तिला. वाल्मीक तिच्यामागून फिरत होता आणि मनातून त्याला फार बरं वाटत होतं. आपल्यासारखं तपासणारं माणूस त्याला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटलं होतं.

"काका," ती म्हणाली, "भिंत तर सामाईक आहेच. पण स्लॅबही एकच आहे. दोन्ही घरांवर एका दमात ओतलेला. सळया भिंतीवरून आरपार त्या घरात गेल्यात. तुमच्या बाजूनं ओढलं तर त्यांचं छत हिसका खाणार."

"मग?"

"आधी त्यांच्या छताला खालून ठेपे लावायचे. मग भिंतीपासून हातभर जागा सोडून कटरनं स्लॅब कापायचा, म्हणजे दोन घरं वेगळी झाली. त्यानंतर तुमचं घर वरून खाली, हातानं उतरवायचं. मशीन आत येणार नाही. त्या मावशींना तेवढे दिवस दुसरीकडे राहावं लागेल आणि त्यांची लेखी संमती लागेल."

"किती दिवस?"

"बावीस-तेवीस. आणि मला परवानगी काढायला वेळ द्या. चोवीस एप्रिलच्या आधी मी हात लावू शकत नाही."

वाल्मीकनं बोटांवर हिशेब केला. मे अर्धा संपत होता. त्यानं तिला पत्रिका दाखवली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, नीट वाचली आणि परत दिली. "तारीख पुढे घ्या ना, काका," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. पण वाल्मीकला ते झोंबलं. तारीख पुढे घ्यायची म्हणजे काय, बुद्धपौर्णिमा काय पुढच्या महिन्यात पुन्हा येणार होती? "कळवतो," तो म्हणाला. ती गेल्यावर उज्वला म्हणाली, "पोरगी चांगली आहे. तिलाच द्या काम." वाल्मीक म्हणाला, "बघू." लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बायकोला ह्या 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही.

आठवडाभरानं सहादू शेजवळ आला. डेपोतल्या जुन्या सोबत्याचा मुलगा, वाल्मीकच्या डोळ्यांसमोर वाढलेला. मुरुम-वाळू टाकायचं काम करायचा, हल्ली पाडकामही घ्यायला लागला होता. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे त्याला सगळ्यांनी वाईटच म्हटलं.

"काका, आपल्या घरचं काम आहे, टेन्शनच घेऊ नका," सहादू म्हणाला. "वीस तारखेला चालू, अठ्ठावीसला जागा साफ. भंतेजींना खुर्ची कुठं टाकायची तेवढं सांगा."

"स्लॅब कापून वेगळा करावा लागेल," वाल्मीकनं बजावलं. "कटर लागेल. पलीकडे ठेपे लागतील."

"लावू ना. कटरवाला आपला दोस्तच हाय."

परवानगीचं विचारलं तर सहादू म्हणाला, एवढ्याशा घराला कोण परवानगी काढतो. कागदपत्रांचं विचारायचं वाल्मीकच्या ओठांवर आलं होतं. आजवर कोणतंही काम त्यानं तपासून शेरा मारल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. पण ओळखीच्या पोराला लायसन्स कसं मागायचं? आणि मागितलं असतं नि नसतं निघालं, तर तारीख हातातून जात होती. त्यानं विचारलंच नाही. असं असतं बघा. माणूस ज्या गोष्टीत सगळ्यात हुशार असतो, तीच गोष्ट त्याला स्वतःच्या कामात सोयीनं विसरता येते.

संमतीचा कागद घेऊन तो नवसाबाईकडे गेला. ती मशीनवर बसली होती. कागद पाहून तिचा हात थांबला.

"हे काय, भाऊ?"

"आमचं घर पाडायला तुमची हरकत नाही, असं लिहिलंय. भिंत सामाईक आहे ना."

"माझ्या घराला काय व्हनार नाय ना?"

"केसाएवढी चीर पडणार नाही. मी उभा आहे ना तिथं."

तिनं चष्मा शोधला नाही. "तुमी पाह्यलंय ना सगळं? मंग झालं," म्हणाली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा कागदावर सही केली. नवसाबाई देवराम कोतवाल. अक्षरं मोठी, शाळेतल्या पोरीची. वाल्मीकला गहिवरून आलं. आपल्यावर कोणी एवढा विश्वास टाकतं ह्याचं माणसाला सुखच वाटतं. त्याचं ओझं कळायला वेळ लागतो.

काम वीस तारखेला सुरू झालं. पगारे कुटुंब दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या एका खोलीत गेलं. नवसाबाई दिवसा तिकडेच असायची. कुरडयांचे दिवस होते, तिचा आणि उज्वलाचा गच्चीवर घाट चालला होता. सहादूच्या माणसांनी दारं काढली, खिडक्या काढल्या, गच्चीचा कठडा फोडला. नवसाबाईच्या खोलीत चार ठेपे उभे राहिले. वाल्मीकनं प्रत्येकाला हलवून पाहिलं. एक हलत होता, तो त्यानं पुन्हा ठोकून घेतला. डोक्यावर टोपी, हातात काठी, दिवसभर तो धुळीत उभा असायचा आणि बऱ्याच वर्षांनी त्याला डेपोतल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी स्लॅबची पाळी आली आणि कटर आलं नाही.

सहादू फोनवर फोन लावत होता. अखेर तो वाल्मीकजवळ आला, कपाळावरचा घाम बाहीनं पुसत. "काका, कटर तिकडं रोडच्या कामावर अडकलंय. सोमवारी भेटेल म्हनतो. आनि हा जेसीबी," त्यानं दारातल्या पिवळ्या धुडाकडे बोट दाखवलं, "आजच्यापुरताच हाय. परत पाठवला तर आठ दिवस फिरकायचा नाय. मग एक तारीख इसरा." त्यानं मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "तुमी सांगा. थांबू का मशीननं ओढून घेऊ? भिंतीकडचं ठेवतो, अलीकडचं हळूहळू घेतो. पन तुमी म्हनाल तसं."

दुपारचे साडेबारा वाजले होते. ऊन मी म्हणत होतं. मजूर सावलीला बसून भाकरी खात होते, जेसीबीचा ड्रायव्हर कानाला मोबाइल लावून हसत होता. बाकी गल्लीत कोणी नव्हतं. सहादूनं विचारलं ते वाल्मीकनं ऐकलं, आणखी कोणी नाही.

वाल्मीकनं स्लॅबकडे पाहिलं. तेजलचं म्हणणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आपण विसरलो होतो, असं नंतर त्याला स्वतःला सांगायचं होतं, पण तो विसरला नव्हता. त्याला सळया आरपार गेलेल्या जणू दिसत होत्या. आणि त्याच वेळी त्याला पत्रिका दिसत होती, रोहितचं तिकीट दिसत होतं, आणि मंडपात चार लोकांत उभं राहून आपण कुदळ मारतोय हेही दिसत होतं. बाप मजुरी करत दुसऱ्याच्या पडवीत मेला होता. त्याच्या मुलानं बुद्धपौर्णिमेला स्वतःच्या बळावर घर बांधायला घ्यावं, हे त्याला जगाला दाखवायचं होतं.

"घ्या," तो म्हणाला. "पण सांभाळून."

डेपोतल्या सगळ्या नोकरीत त्यानं कधी 'सांभाळून चालवा' असं लिहून गाडी सोडली नव्हती. गाडी एक तर फिट असते नाहीतर अनफिट, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा.

अलीकडचा स्लॅब अर्ध्यापर्यंत बरा उतरला. मग जेसीबीच्या दातात सळयांचा एक झुबका अडकला. ड्रायव्हरनं तो सोडवायला हिसका दिला. एकच. आवाज फार मोठा झाला नाही. पलीकडून, नवसाबाईच्या घरातून, काहीतरी दीर्घ करकरलं, ठेपे एकामागून एक आडवे झाले आणि धुळीचा लोट तिच्या दारातून बाहेर आला. आत कोणी नव्हतं. एवढं एक बरं झालं.

धूळ बसली तेव्हा तिचं छत मधोमध वीतभर खाली आलं होतं. सामाईक भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती, हात जाईल एवढी. समोरचं दार चौकटीत असं आवळलं गेलं होतं की ते नंतर अग्निशामक दलाच्या माणसांना कुऱ्हाडीनं फोडावं लागलं. नवसाबाई धावत आली. हाताला कोपरापर्यंत गव्हाचा चीक. ती फाटकाशी उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.  थोड्या वेळानं म्हणाली, "मशीन आत हाय माझी."

मग लोक जमले आणि लोक सहादूवर तुटून पडले. कोणी कॉलर धरली, कोणी कानाखाली वाजवली. "मी काकांना इचारलं होतं," सहादू ओरडत होता, "काकांना इचारा, मी इचारूनच घेतलं." पण बुडत्या माणसाचं कोण ऐकतं. "अरे, काकांवर ढकलतोस? अख्खी एसटी तपासली त्या माणसानं!" असं कोणी तरी म्हणालं आणि आणखी एक ठेवून दिली. सहादूनं मान वळवून वाल्मीककडे पाहिलं. वाल्मीकनं तोंड उघडलं. धूळ घशात गेली होती, ठसका आला. ठसका थांबला तेव्हा बोलता आलं असतं. तो बोलला नाही. पोलीस आले आणि सहादूला जीपमध्ये बसवून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची नोटीस लागली. घर धोकादायक, आत जाऊ नये. एक मेला काहीच झालं नाही. भंतेजींनी विहारात वंदना घेतली, वाल्मीक सगळ्यांच्या मागे बसला आणि संपायच्या आत उठून आला.

नवसाबाई आठ दिवस त्यांच्या खोलीत राहिली. तीन माणसं, एक मोरी. ती उलट वाल्मीकचीच समजूत काढायची. तो जेवेना तर ताट समोर सरकवायची. "भाऊ, तुमी काय देव हाये का? त्या मेल्यानं तुमाला बी फसवलं."  उज्वला हे सगळं बघत होती. एका सकाळी भाजी निवडताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तेव्हा तुम्ही तिथंच उभे होता ना?" तो म्हणाला, "हो."  त्या दिवसापासून ती त्याच्या डोळ्यांत बघेनाशी झाली. नवव्या दिवशी नवसाबाईनं पिशवी भरली. "किती दिस तुमच्यात अडचन करू," म्हणाली आणि चांदवडच्या गाडीत बसली. ज्या दारातलं पाणी सोडलं होतं त्या दारात गेली. तिला दुसरं दारच उरलं नव्हतं.

मग वाल्मीकनं तेजलला फोन केला. आपण आधी दुसऱ्याला काम दिलं ते सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आली. पुन्हा शिडी, पुन्हा हातोडी. ती एक शब्द टोचून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.  खाली उतरून तिनं हात झटकले.

"काका, हे वाचणार नाही. उतरवावंच लागेल, आणि पावसाच्या आत. नाहीतर आपोआप येईल, तेव्हा गल्लीत कोण असेल सांगता येत नाही. मी करते. पण मावशींची संमती पाहिजे, मालक त्या आहेत."

मग तिनं अहवालाचा कागद काढला आणि मान खाली घालून लिहिता लिहिता विचारलं, "न कापता स्लॅब ओढायचा निर्णय कोणाचा होता? लिहावं लागतं."

"ठेकेदाराचा," वाल्मीक म्हणाला.

तिनं लिहिलं.

दोन दिवसांनी वाल्मीक संमतीचा कागद घेऊन चांदवडला गेला. स्टँडवरून रिक्षानं गावात. नवसाबाईच्या भावाचं घर नव्यानं बांधलेलं, मोठं होतं. ती घरात नव्हती. मागच्या बाजूला कांदा साठवायच्या चाळीत बायकांबरोबर उन्हाळ कांदा निवडत बसली होती. चांगला एका बाजूला, सडका एका बाजूला. वाल्मीकला पाहून ती लगबगीनं उठली, पदराला हात पुसले, एका पोत्यावर दुसरं पोतं टाकून त्याला बसायला दिलं. ती वाळली होती.

"घर कधी दुरुस्त व्हनार, भाऊ?" तिनं बसायच्या आतच विचारलं. "मी आपली दिस मोजते. इथं भावजय बोलत नाय काय, पन ताट वाढताना भांडं आपटती."

त्यानं सांगितलं. घर दुरुस्त होणार नाही, पाडावं लागणार. पाडणारी बाई शिकलेली आहे, हुशार आहे. आणि तुमचंही घर मी बांधून देणार आहे, माझ्या आधी तुमचं. तो भराभर बोलत होता. नवसाबाईनं ऐकून घेतलं. एक कांदा उचलून त्याची टरफलं सोलली. मग तिनं कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. ह्या वेळी अक्षरं वाकडी आली, गुडघा मऊ होता म्हणून असेल.

"तुमी कशापायी एवढं करता?" ती म्हणाली. "तुमची काय चूक? त्या सहादूचं तळपट व्हईल. सख्ख्या भावानं माझं खाल्लं, आन् तुमी परके असून..." तिनं कागद त्याच्या हातात परत दिला. "तुमच्यावर मी एकटीच नाय, अख्खी गल्ली इस्वास टाकती."

इथं वाल्मीकला गप्प बसता आलं असतं. कागद खिशात होता, सही झाली होती, घर तो बांधून देणारच होता. पण ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर त्याला आता एक घटकाही सोसवेना. त्यानं सांगितलं ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे मला विचाराल तर स्वतःसाठीच. पाप पोटात ठेवायचं बळ नव्हतं, म्हणून ते त्यानं तिच्या ओटीत टाकलं.

"बाई," तो म्हणाला, "सहादूनं मला विचारलं होतं. कटर आलं नाही, थांबू का, असं विचारलं होतं. मीच म्हणालो घ्या."

नवसाबाईला आधी कळलंच नाही. मग त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. तेजलनं आधीच सावध केलं होतं, तेही. तारखेचंही. पोलीस सहादूला नेत होते तेव्हा आपण बोललो नाही, आणि परवा अहवालातही खोटं सांगितलं. शेजारच्या बायका निवडायच्या थांबल्या होत्या. कोणीतरी त्यांना हळूच उठवून बाजूला नेलं.

"म्हंजे तुमाला ठाव होतं," ती म्हणाली.

"हो."

"आन् मी पंधरा दिस त्या पोराला शिव्या मोजत होते."

 आपण उद्याच पोलीस ठाण्यात जाऊन खरं सांगणार आहोत, सहादूला सोडवणार आहोत, तेजलकडून अहवाल बदलून घेणार आहोत, असं तो म्हणाला, आणि हे तो करणारही होता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. चाळीच्या कुडातून उन्हाच्या पट्ट्या तिच्या अंगावर पडल्या होत्या. घरातून कोणीतरी चहाचे दोन कप आणून ठेवले, ते तसेच राहिले.

"नवसाबाई, काहीतरी बोला," तो शेवटी म्हणाला. "शिव्या द्या."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. अकरा वर्षांपूर्वी तलाठ्याच्या कागदानंतर ती जशी दिसायची, तशी दिसत होती.

"इतके दिस माझं नुसतं घर गेलं होतं," ती म्हणाली.

आणि त्याच्याकडे पाठ करून तिनं कांद्याची पाटी पुढे ओढली.